भावाच्या पेशी : ब्लड कॅन्सरवरील एका उपचाराचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुम्याची नमाज झाल्यावर मस्जिदीच्या पायरीजवळ आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण माझी वाट पाहत उभा होता. त्याच्या धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर झाला होता. तपासणीत या थोरल्याशी त्याचे पूर्ण जुळले होते आणि डॉक्टरांनी थोरल्याच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, मागितल्या होत्या. घरातली वडीलधारी माणसे नको म्हणत होती. हाडातला मगज काढला की पाठ कायमची जाते, पुढे मुलेबाळे होत नाहीत, असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. तरी मोहल्ल्यात कुठला कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो. मी त्याला म्हणालो, "अरे, रक्तदानासारखेच आहे ते. तुझे चांगले रक्त त्याला मिळेल आणि तो बरा होईल."

त्याने पेशी दिल्या. पाठ काही गेली नाही. पण दोनेक महिन्यांनी धाकट्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितले की हा त्रास दात्याच्या पेशींमुळे होतो आहे. थोरला पुन्हा माझ्याकडे आला. "सर, मेरे खून सेच उसकू तकलीफ हुई ना?" एवढेच म्हणाला आणि मान खाली घालून बसला. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माझे पहिले उत्तरच अर्धवट होते. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. आज लिहितो आहे ते त्या दिवशी त्याला सांगायला हवे होते.

आधी थोडे शरीराविषयी. आपल्याकडे नल्लीचा रस्सा सगळ्यांना माहीत आहे. नळीच्या हाडातून आपण जो मगज काढतो, तशीच मज्जा माणसाच्या हाडांतही असते. त्यातली लाल मज्जा हा रक्ताचा कारखाना. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या चकत्या, सगळे तिथेच घडते, आणि ते घडवणाऱ्या मोजक्या पेशींना मूळ पेशी म्हणतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. त्या फौजेचीच एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली की त्याला ल्युकेमिया म्हणतात. शत्रू बाहेरचा नसतो, घरातलाच असतो. म्हणून बाकीची फौज त्याला ओळखत नाही.

या आजाराशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. त्या काळी जगातल्या कोणत्याही डॉक्टरकडे या आजारावर इलाज नव्हता. मेहेरबाईंकडे २४५ कॅरेटचा प्रसिद्ध ज्युबिली हिरा होता, पण तोही काही कामाचा नव्हता. दोराबजींनी ल्युकेमियावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावाने न्यास स्थापन केला, आणि १९३२ मध्ये तेही गेले. हिरा पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे दोराबजींच्या न्यासाला मिळाले. त्याच न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे केले. नांदेडहून रेल्वेने मुंबईला निघालेल्या कित्येक कुटुंबांना मुंबई म्हणजे हे 'टाटा'च ठाऊक असते. त्या इमारतीच्या मुळाशी एका बाईचा ब्लड कॅन्सर आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मज्जा बदलण्याची कल्पना मात्र रुग्णालयातून आली नाही. ती आली अणुबाँबच्या राखेतून. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडले. स्फोटातून वाचलेली अनेक माणसे नंतरच्या आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन मेली, कारण किरणोत्साराने त्यांची मज्जा जळून गेली होती. मग शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग सुरू केले. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांना आढळले की उंदराची प्लीहा शिशाने झाकून ठेवली, तर मारक किरण देऊनही तो जगतो. उंदराच्या प्लीहेतही रक्त तयार होते. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ यांनी दाखवले की किरण दिल्यानंतर निरोगी प्राण्याची मज्जा नुसती शिरेतून सोडली तरी उंदीर वाचतो. पेशी आपली वाट शोधत हाडात जाऊन बसतात.

यावरून एक सरळ विचार पुढे आला. ल्युकेमियाच्या रुग्णाला जबरदस्त किरण द्यायचे, त्याची सगळी बिघडलेली मज्जा जाळून टाकायची आणि मोकळ्या जागेत दुसऱ्याची निरोगी मज्जा पेरायची. म्हणजे तण जाळून नवे बी टाकायचे. मी त्या तरुणाला सांगितले होते ते नेमके हेच, आणि १९५० च्या दशकात जगातले मोठे डॉक्टरही असेच समजत होते.

पण त्याच दशकात इंग्लंडमधल्या हार्वेल येथे बार्न्स, लौटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वेगळे दिसले. ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरण देऊन त्यांनी काहींना त्याच वंशाच्या उंदरांची मज्जा दिली आणि काहींना परक्या वंशाची. आपल्याच वंशाची मज्जा मिळालेल्या उंदरांचा ल्युकेमिया परत आला. परक्या वंशाची मज्जा मिळालेल्यांचा आजार परतला नाही, पण ते झिजून झिजून दुसऱ्याच एका विकाराने मेले. १९५६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि एक शक्यता मांडली. कर्करोग फक्त किरणांनी मरत नसावा. उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना दात्याच्या पेशी मारत असाव्यात.

माणसांतही तेच दिसले. अमेरिकेत कूपर्सटाउन येथे डॉ. ई. डोनल थॉमस यांनी ल्युकेमिया झालेल्या दोन मुलांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली आणि १९५९ मध्ये त्याचा वृत्तान्त लिहिला. याहून चांगला दाता कोण असणार? मज्जा रुजली, रक्त सुधारले, काही त्रास झाला नाही. पण थोड्याच महिन्यांत दोघांचाही ल्युकेमिया परत आला.

इकडे पॅरिसमध्ये डॉ. जॉर्ज माथे यांनी १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हिंचा अणुभट्टीच्या अपघातात सापडलेल्या माणसांना मज्जा देऊन पाहिली होती. नंतर त्यांनी ल्युकेमिया झालेल्या एका तरुणाला त्याच्या अनेक नातलगांची मज्जा दिली. तो दीड वर्षाहून अधिक जगला आणि पुढे संसर्गाने गेला, पण त्याच्या शरीरात ल्युकेमिया सापडला नाही. मात्र दात्याच्या पेशींनी त्याच्या अंगावर उठवलेला त्रास त्याने बराच सोसला होता. दात्याच्या पेशींची ही लढाई हाच इलाज होऊ शकतो, असे माथे यांचे मत बनले.

त्या त्रासाला आज डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कलम आणि यजमान यांचे भांडण. मूत्रपिंड बसवले तर रुग्णाचे शरीर त्या परक्या अवयवाला नाकारते. मज्जेचे उलटे असते. मज्जेबरोबर दात्याची फौजच येते, विशेषतः त्यातल्या टी-पेशी. ही फौज नव्या घरात शिरून चहूकडे पाहते आणि तिला सगळेच परके वाटते. मग ती यजमानाची त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला चढवते. आमच्या मोहल्ल्यातल्या धाकट्याला झाले ते हेच.

१९६० च्या दशकात एवढे रुग्ण दगावले की बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. ते सिअॅटलला गेले आणि वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. दरम्यान फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरच्या ओळखखुणा शोधल्या होत्या. यांना एचएलए म्हणतात. यातला एक संच आईकडून येतो आणि एक बापाकडून. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, तर आईबापाशी साधारणपणे निम्मेच जुळते. जुळणारे भावंड निवडायचे आणि औषधांनी दात्याच्या टी-पेशींना आवर घालायचा, हे जमल्यावर काम पुढे सरकले. १९७७ मध्ये थॉमस यांच्या गटाने १०० रुग्णांची हकीकत छापली. इतर सगळे उपचार हरलेले हे रुग्ण होते, आणि त्यातले १३ जण आजाराशिवाय जगत होते. आज हा आकडा लहान वाटेल. पण त्याआधी तो जवळपास शून्य होता.

याच काळात मुंबईतला एक तरुण डॉक्टर सिअॅटलला जाऊन थॉमस यांच्याकडे शिकून आला. त्यांचे नाव डॉ. सुरेश अडवाणी. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीवर असत. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते टाटा मेमोरियलमध्ये रुजू झाले होते. २० मार्च १९८३ रोजी त्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी मज्जारोपण मानले जाते. मेहेरबाई गेल्या त्याला तेव्हा ५२ वर्षे होत आली होती, आणि त्यांच्या स्मृतीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात त्यांच्याच आजारावर बहिणीसाठी भाऊ दाता झाला होता. १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. ज्या अणूने हिरोशिमाची मज्जा जाळली, त्याच अणूच्या खात्याखाली भारतातले पहिले मज्जारोपण झाले. पुढे १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मम्मेन चांडी यांनी हे काम सुरू केले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुंबईतले ते मज्जारोपण होण्याच्या चार वर्षे आधी, १९७९ मध्ये, सिअॅटलच्या वायडेन आणि सहकाऱ्यांनी २४२ रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यातल्या ४६ जणांना एकसारख्या जुळ्यांची मज्जा मिळाली होती, बाकीच्यांना जुळणाऱ्या भावंडांची. ज्यांना कलम-यजमानाचे भांडण मध्यम किंवा तीव्र झाले होते, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण बरेच कमी होते. ज्यांना काहीच त्रास झाला नव्हता, त्यांच्यात जास्त होते. चट्टे उठवणारी फौजच लपलेल्या कर्करोगालाही शोधून मारत होती.

तरी डॉक्टरांनी उलट बाजूनेही पाहिले. १९८० च्या दशकात काही ठिकाणी मज्जेतून टी-पेशी आधीच गाळून टाकू लागले. भांडण करणारेच काढले तर त्रास होणार नाही, असा हिशेब होता, आणि त्रास खरोखर कमी झाला. पण ल्युकेमिया जास्त वेळा परत येऊ लागला, आणि काहींच्या अंगात मज्जा रुजेना. १९९० मध्ये मेरी होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २,२५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा शंका उरली नाही. जुळ्याची मज्जा घेतलेले आणि टी-पेशी गाळलेली मज्जा घेतलेले, या दोन्ही गटांत आजार परतण्याचे प्रमाण अधिक होते.

शेवटचा पुरावा म्युनिकहून आला. डॉ. हान्स-योखेम कोल्ब यांच्याकडे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे तीन रुग्ण होते. मज्जारोपणानंतर त्यांचा आजार उलटला होता. कोल्ब यांनी त्यांना पुन्हा किरण दिले नाहीत, मज्जाही दिली नाही. त्याच जुन्या दात्यांना बोलावून त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढल्या आणि इंटरफेरॉन या औषधाच्या जोडीने रुग्णांना दिल्या. तिघांचाही ल्युकेमिया ओसरला. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अनेक रुग्णालयांतले अनुभव जमा झाले, तेव्हा दिसले की क्रॉनिक मायलॉइड प्रकारात हा उपाय फार चांगला चालतो, अॅक्यूट मायलॉइडमध्ये कमी आणि अॅक्यूट लिम्फोब्लास्टिकमध्ये फारच थोडा. प्रत्येक शत्रू या फौजेला सारखा सापडत नाही.

म्हणजे मज्जारोपण हे निव्वळ बी पेरणे नव्हे, ती फौज नेमणे आहे. हे पटल्यावर उपचाराची पद्धतच बदलली. १९९० च्या दशकाअखेरीस सौम्य तयारीची मज्जारोपणे सुरू झाली. सगळे किरणांनी जाळून टाकण्याची गरज नाही. दात्याच्या पेशी रुजण्यापुरती जागा करा, बाकीचे काम त्या हळूहळू करतील. त्यामुळे साठीच्या माणसालाही हा उपचार देता येऊ लागला. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन सर्वात खवळलेल्या टी-पेशी तेवढ्या मारण्याची युक्ती रूढ केली. आता निम्मे जुळणारे आई, बाप, मुलगा, मुलगीही दाता होऊ शकतात. ज्यांना जुळणारे भावंड नाही, अशा आपल्याकडच्या पुष्कळ घरांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाचे पुढचे पान नवी मुंबईत खारघरला लिहिले गेले. टाटा मेमोरियलच्या तिथल्या अॅक्ट्रेक या केंद्रात ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी पेशींचा उपचार झाला. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून तो घडवला. यात टी-पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असतात. त्या बाहेर काढून त्यांना कर्करोगाच्या पेशीवरची एक खूण ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने त्याला सरकारी मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो होतो, तरी गरिबाला तेही लाखोंचे ओझे आहे. दात्याच्या फौजेने जो धडा शिकवला, त्याच धड्यावर हे पाऊल पडले आहे. टी-पेशी ल्युकेमिया मारू शकतात, फक्त त्यांना शत्रू दिसला पाहिजे. मज्जारोपणानंतर आजार उलटलेल्या रुग्णाला हा उपचार दिला, तर त्याच्या अंगातून काढलेल्या त्या 'स्वतःच्या' टी-पेशी बहुधा मुळात दात्याच्याच वंशातल्या असतात.

आता मोहल्ल्यातल्या भीतीबद्दल. मूळ पेशी पाठीच्या कण्यातून काढत नाहीत. आज बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्याने मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात घेतात, हव्या त्या पेशी वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. त्याला काही तास लागतात. इंजेक्शनांमुळे अंग आणि हाडे दुखतात, पण ते थोड्या दिवसांत थांबते. मज्जाच घ्यायची असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. काही दिवस तिथे दुखते, आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. मुलेबाळे न होण्याचा याच्याशी काही संबंध नाही. घरात दाता शोधताना बहिणीचीही तपासणी करा. 'लडकी है, उसकी शादी होनी है' म्हणून तिला वगळणारी घरे मी पाहिली आहेत. चारातली ती एक संधी तिच्यातच असू शकते.

घरात कुणी जुळले नाही तर परका दाता शोधावा लागतो. त्यासाठी दात्यांच्या नोंदवह्या असतात. जगभरात त्यांत चार कोटींहून अधिक लोकांची नावे आहेत, आणि भारतात 'दात्री'सारख्या संस्था २००९ पासून हे काम करतात. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. एचएलएच्या खुणा पूर्वजांकडून येतात, म्हणून रुग्णाला जुळणारा परका दाता बहुधा त्याच मुलखातल्या लोकांत सापडतो. ज्या मुलखातले लोक नाव नोंदवत नाहीत, तिथल्या रुग्णाला दाता मिळणे अवघड जाते. या खुणा नावही विचारत नाहीत आणि मजहबही. हिमायतनगरच्या एखाद्या मुलाचा जुळणारा माणूस किनवटच्या तांड्यावर असू शकतो किंवा हदगावच्या वाड्यात. एक जीव वाचवण्याचे मोल आपल्या दीनमध्ये काय सांगितले आहे, ते माझ्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. कलम-यजमानाचे भांडण म्हणजे शुभशकुन नव्हे. ते तीव्र झाले तर त्याने माणूस मरतो, आणि आजही मरतो. म्हणून डॉक्टर ते दाबणारी औषधे देतात. फार दाबले तर ल्युकेमिया डोके वर काढू शकतो, शिवाय जंतुसंसर्गाचे भय. कमी दाबले तर शरीर पोळते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले बहुतेक संशोधन या दोन टोकांमधला रस्ता शोधण्यातच गेले आहे, आणि तो रस्ता अजून अरुंदच आहे. चट्टे उठले की घरी बसून 'पेशी काम करत आहेत' म्हणू नका. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा.

तो धाकटा मागच्या ईदला भेटला. हातांवर काळसर डाग राहिले आहेत, डोळे कोरडे पडतात म्हणून खिशात थेंबांची बाटली असते, दर काही आठवड्यांनी तपासणीसाठी जावे लागते. शीरखुर्मा त्याने अर्धी वाटीच घेतला. थोरला त्याच्या शेजारी बसला होता. मी त्याला हे सगळे सांगितले, उंदरांपासून म्युनिकपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मतलब, मेरे पेशी उसके अंदर अभी बी लड रहे?"

मी म्हणालो, "हो. त्याच्याशी नव्हे, त्याच्यासाठी. मधे त्यांची चूक झाली, कारण त्यांना सगळेच घर परके होते."